राय: धान्य, पीठ, पाव आणि नावाचा गोंधळ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका पाककृतीत ‘राय फ्लोअर’ लिहिलेले होते, किराणा दुकानदाराने राई समजून मोहरीची पूड बांधून दिली, तर मग राय म्हणजे नेमके कोणते धान्य, ते कशाकशासाठी वापरतात, आणि आपल्याकडच्या साध्या ओव्हनमध्ये त्याचा पाव होतो का? मी बेकरीच्या व्यवसायात आहे, या कामाचे शिक्षण जर्मनीत घेतले आणि आता पुण्यात इतर पावांबरोबर रायचा पावही भाजतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला गिऱ्हाइकांना वारंवार द्यावे लागते. उभ्या-उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

प्रथम नावाचा निकाल लावू. मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत राई म्हणजे मोहरी, त्यातही बहुधा बारीक, गडद दाण्याची. देवराई आणि आमराई यांतली राई झाडांची. या दोन्हींचा ‘राय’ या धान्याशी काहीही संबंध नाही. महाराष्ट्रात हे पीक कधी घेतले गेले नाही, म्हणून त्याला आपल्याकडे स्वतःचे नाव पडले नाही. तेव्हा ‘राय’ असेच लिहावे, आणि दुकानात मागताना ‘गव्हासारखे परदेशी धान्य, त्याचे पीठ’ एवढी पुस्ती जोडावी. यंत्राने केलेल्या भाषांतरांत आणि काही आयात पाकिटांच्या चिकटपट्ट्यांवर ‘राई ब्रेड’ असे सर्रास छापलेले दिसते, आणि हा केवळ शुद्धलेखनाचा दोष राहत नाही. ज्याला मोहरीची ॲलर्जी आहे तो विनाकारण हा पाव टाळतो, आणि ज्याला सीलिॲक रोग, म्हणजे ग्लुटेन हे गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन न सोसणारा आजार, आहे तो मोहरीचा पाव समजून ग्लुटेनयुक्त धान्य खाऊन बसतो. दुसरा गोंधळ रायग्रासचा. विम्बल्डनच्या कोर्टांवर 2001 पासून जे बहुवर्षायू गवत लावले जाते ते रायग्रास, म्हणजे लोलियम या वेगळ्या प्रजातीतले. त्याचा उपयोग हिरवळीसाठी आणि चाऱ्यासाठी होतो, पिठासाठी नाही.

रायचे शास्त्रीय नाव सेकाले सेरिआले. गहू आणि बार्ली यांचे ते जवळचे नातलग आहे, पण स्वभाव वेगळा. रोप माणसाच्या छातीपर्यंत, कधी त्याहूनही उंच वाढते. पाती निळसर हिरवी, ओंबी बारीक आणि कुसळांची. दाणा हातावर घेतला तर गव्हाच्या दाण्यापेक्षा लांबट आणि सडपातळ दिसतो, आणि त्याच्या रंगात करड्या-हिरव्या रंगाची छटा असते. गहू आणि बार्ली स्वपरागी आहेत. राय मात्र वाऱ्यावर उडणाऱ्या परागांवर अवलंबून असते आणि स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण या धान्याच्या सर्वांत भयंकर रोगाचे मूळ येथेच आहे.

रायचा जन्म तणाच्या रूपात झाला, असे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी मांडले आणि ते आजही ग्राह्य मानले जाते. पश्चिम आशियातल्या गव्हाच्या शेतांत ते आगंतुक म्हणून उगवत असे. शेतकरी खुरपताना जी रोपे गव्हापेक्षा वेगळी दिसत ती उपटत, आणि जी गव्हासारखी दिसत ती वाचत. मळणी आणि उफणणीतही ज्यांचा दाणा गव्हाएवढा जड त्यांचाच दाणा बियाण्यात मिसळून पुढच्या हंगामाला जाई. अशी शेकडो वर्षे नकळत निवड होत गेली. पुढे शेती उत्तरेकडे सरकली, तिथल्या रेताड, आम्लधर्मी जमिनीत आणि कडाक्याच्या हिवाळ्यात गहू मान टाकू लागला आणि त्याच शेतात हे तण मात्र उभे राहिले. शेवटी लोकांनी त्यालाच पीक म्हणून स्वीकारले. आजही जर्मनी, पोलंड, रशिया, बेलारूस आणि डेन्मार्क या पट्ट्यातच त्याचे मुख्य उत्पादन आहे. जर्मनीत 1984 पासून रायचे संकरित वाण आले आणि हेक्टरी उत्पादन वाढले, पण माणसाच्या ताटातला त्याचा वाटा मात्र घटत गेला. बराच माल आता जनावरांच्या खाद्याकडे आणि बायोगॅसकडे जातो. अमेरिकेत ते मुख्यतः आच्छादन पीक म्हणून पेरतात. हिवाळ्यात जमीन धरून ठेवायची, वसंतात रोप आडवे पाडायचे आणि त्याच थरात सोयाबीन पेरायचे, अशी ती पद्धत आहे. रायच्या अवशेषांतून सुटणारी काही द्रव्ये तणांची उगवण दाबतात.

आता पावाकडे येतो, कारण माझे खरे काम तेच आहे आणि प्रश्नाचा गाभाही तोच आहे. रायकडे काळसर गहू म्हणून पाहणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण असते. गव्हाचे पीठ मळले की त्यातल्या प्रथिनांचे ग्लुटेनचे जाळे तयार होते, ते वायू धरून ठेवते आणि पाव फुगतो. रायमध्येही ग्लुटेनच्या कुळातली प्रथिने आहेत, पण त्यांचे तसे जाळे बनत नाही, कारण या पिठात पेन्टोसान नावाच्या चिकट तंतूंचे प्रमाण मोठे असते आणि ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून प्रथिनांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत. म्हणून रायचे पीठ कितीही मळले तरी लवचीक होत नाही. ते हाताला चिकटते, ओढले की ताणले न जाता तुटते. त्याला मळायचे नसतेच. पाणी आणि पीठ एकजीव झाले की काम संपले. जास्त वेळ यंत्रात फिरवले तर चिकटपणा वाढण्यापलीकडे काही साधत नाही.

मग हा पाव उभा राहतो कशाच्या आधारावर? पेन्टोसान आणि स्टार्च यांच्या आधारावर. आणि येथेच आंबवण्याचा प्रश्न येतो. रायच्या दाण्यात स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारे अमायलेज हे विकर भरपूर असते. उत्तर युरोपात कापणीच्या वेळी पाऊस असतो, आणि राय ओंबीतच मोड काढायला चटकन तयार होते, त्यामुळे हे विकर आणखी वाढते. ओव्हनमध्ये पावाच्या आतले तापमान सुमारे 55 ते 65 अंशांवर पोहोचले की रायचे स्टार्च पाणी शोषून शिजू लागते, म्हणजे गव्हाच्या स्टार्चपेक्षा काहीसे लवकर. आणि नेमक्या त्याच टप्प्यात अमायलेज पूर्ण जोरात असते. ज्या स्टार्चने पावाला आधार द्यायचा, त्याचेच ते तुकडे करून टाकते. असा पाव कापला तर सुरीला गोंदासारखा लगदा चिकटतो, तळाशी ओलसर, काचेसारखी पट्टी दिसते आणि वरचे कवच आतल्या भागापासून सुटलेले असते. आम्लता वाढवली की विकराची धार बोथट होते. सावरडोचे, म्हणजे नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाचे खरे काम हे आहे. चव आणि टिकाऊपणा हा वरचा लाभ. गव्हाच्या पावात सावरडो ही आवडीची बाब असू शकते, रायच्या पावात ती गरज आहे. निव्वळ यीस्ट घालून शंभर टक्के रायचा पाव करण्याच्या ज्या पाककृती फिरतात त्यांवर माझा विश्वास नाही. जर्मनीतल्या गिरण्यांत धान्याचा प्रत्येक लॉट विकत घेण्यापूर्वी विकराची चाचणी होते: पीठ आणि पाण्याची खळ उकळत्या पाण्यात तापवून त्यात दांडी किती सेकंदांत खाली बसते ते मोजतात, आणि हा आकडा 120 सेकंदांच्या खाली आला तर ती राय पावाच्या दर्जाची धरत नाहीत.

घरी करायचा असेल तर सोपे प्रमाण देतो. पूर्ण धान्याचे रायचे पीठ एकूण 500 ग्रॅम, पाणी एकूण 420 मिली, मीठ 10 ग्रॅम. यांतले 200 ग्रॅम पीठ, 200 मिली पाणी आणि 20 ग्रॅम जिवंत सावरडो (आधीच्या आंबवणातून विरजणासारखे राखलेले) आदल्या रात्री एकत्र करून झाकून ठेवावे. जर्मनीत 26 ते 28 अंशांना हे आंबायला बारा ते सोळा तास लागतात. पुण्यात एप्रिल-मे मध्ये खोली 33-34 अंशांवर असली की सहा-सात तासांतच पीठ वर येऊन मध्ये खचू लागते, त्यामुळे येथे घड्याळावर विसंबू नये. मिश्रणाचा वरचा भाग बारीक छिद्रांचा, किंचित खचलेला, आणि वास आंबट पण फळासारखा असला की ते तयार समजावे. पुढच्या वापरासाठी त्यातले एक-दोन चमचे बाजूला काढावे. उरलेल्यात बाकीचे पीठ, मीठ आणि सुमारे 30 अंशांचे पाणी घालून ओल्या, न थापता येणाऱ्या लगद्यासारखे मिश्रण करावे, ओल्या हाताने तेल लावलेल्या टिनमध्ये भरावे आणि ओल्या उलथन्याने वरचा भाग सारखा करून त्यावर पिठाचा पातळ थर चाळावा. हा थर शोभेसाठी नसतो. मिश्रण फुगू लागले की त्यावर भेगा पडतात. भेगा बोटाच्या नखाएवढ्या रुंद झाल्या की टिन ओव्हनमध्ये घालण्याची वेळ झाली. भेगांच्या कडांना बुडबुडे फुटून छिद्रे दिसू लागली तर उशीर झाला. पहिली पंधरा मिनिटे 240 अंश, नंतर 190 ते 200 अंश, एकूण तासाभराचे भाजणे. आतले तापमान 97 अंशांच्या पुढे गेले पाहिजे. बाहेर काढल्यावर लगेच कापू नये. रायचा गाभा स्थिर व्हायला पूर्ण एक दिवस लागतो. गरम पावाची सवय असलेल्यांना हा नियम फार जाचक वाटतो, पण तो मोडला की तक्रार माझ्याकडे येते.

पीठ घेताना पाकिटावरचे आकडे समजून घ्यावेत. जर्मन पिठांवर 997, 1150, 1370 असे क्रमांक असतात. 100 ग्रॅम कोरडे पीठ जाळले असता उरणाऱ्या राखेचे ते मिलिग्रॅममधले वजन असते. आकडा मोठा तितका कोंडा जास्त. सर्वसाधारण रायच्या पावाला 1150 वापरतात, तर 815 फिके आणि सौम्य असते. भारतात मिळते ते बहुतेक पूर्ण धान्याचे, जाडसर पीठ, आणि त्याला पाणी थोडे अधिक लागते. रायच्या कोंड्यात आणि अंकुरात असलेली चरबी दमट हवेत लवकर खवट होते, म्हणून मुंबई-कोकणात हे पीठ फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे बरे.

जर्मनीत पावांच्या नावांना बंधने आहेत. ‘रोगेनब्रोट’ म्हणायचे तर पिठातला किमान 90 टक्के भाग रायचा हवा. निम्म्यापेक्षा जास्त पण 90 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो ‘रोगेनमिशब्रोट’, म्हणजे मिश्र पाव. जर्मनीतल्या वेस्टफालिया भागाचा पुम्परनिकेल हा पाव भरडलेल्या रायपासून करतात आणि तो कमीत कमी सोळा तास मंद आचेवर, बंद साच्यात, वाफेच्या सान्निध्यात भाजतात. त्याचा काळा रंग आणि गोडसर चव या दीर्घ भाजण्यातूनच येते. साखर आणि प्रथिने यांच्या अभिक्रियेला एवढा वेळ मिळाला की बाहेरचा रंग घालावा लागत नाही. अमेरिकेत त्याच नावाने विकला जाणारा पाव मात्र बहुधा काकवी, कोको किंवा कॉफीने काळा केलेला आणि बराचसा गव्हाचा असतो. तिथल्या लोकांना ‘रायची चव’ म्हणून जी ठाऊक असते तीही पुष्कळदा कॅरवेची, म्हणजे शहाजिऱ्याच्या जवळच्या बियांची असते. रायला स्वतःची चव सौम्य, मातकट, किंचित कडवट अशी आहे. रशियातल्या बोरोडिन्स्की पावात धने आणि रायचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, असते. धन्याचा तो वास आपल्या नाकाला लगेच ओळखू येतो, आणि माझ्या दुकानात सर्वांत आधी खपणारा रायचा पाव हाच. फिनलंडमध्ये 2017 मध्ये रायच्या पावाची राष्ट्रीय खाद्यपदार्थ म्हणून निवड झाली. पूर्वी तिथे मध्ये भोक असलेले चपटे पाव काठीत ओवून छताखाली वाळवत आणि महिनोन्‌महिने पुरवत. पोलंडमध्ये आंबवलेल्या रायच्या पिठाचे ‘झुरेक’ नावाचे आंबट सूप करतात. नाचणीच्या आंबिलावर वाढलेल्या माणसाला ते परके वाटत नाही.

भाकरी होते का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते. होते, पण ज्वारीसारखी नाही. ज्वारीच्या पिठाला बांधणी आणण्यासाठी आपण गरम पाणी वापरतो किंवा उकड काढतो. रायला तशी गरज पडत नाही, कारण पेन्टोसान बांधून ठेवतातच, उलट चिकटपणाच आवरावा लागतो. निव्वळ रायची भाकरी हातावर थापण्याच्या फंदात पडू नये. निम्मी राय आणि निम्मी ज्वारी घेतली, पाणी बेताने घातले आणि भरपूर कोरड्या पिठावर थापली तर चांगली, किंचित आंबूस चवीची भाकरी होते. मात्र हे पीठ आयात होऊन येते आणि ज्वारीच्या कितीतरी पट महाग पडते. भाकरीसाठी ते घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही; ज्वारी आणि नाचणी ते काम अधिक चांगले करतात. राय घ्यावी ती पावासाठी.

मद्याच्या संदर्भातही ‘राय’ हा शब्द सतत भेटतो, आणि तिथे तो देशागणिक बदलतो. अमेरिकी कायद्याने ‘राय व्हिस्की’ म्हणायचे तर आंबवायच्या धान्यात किमान 51 टक्के राय असावी लागते. कॅनडात मात्र व्हिस्कीला सरसकट ‘राय’ म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्यात रायचे प्रमाण अगदी थोडे असले तरी ते नाव कायदेशीर ठरते. रशियातले क्वास हे पेय रायच्या वाळलेल्या पावापासून आंबवतात. त्यातले मद्याचे प्रमाण नगण्य असते.

आता सुरुवातीला उल्लेखलेल्या रायच्या भयंकर रोगाकडे. अरगट नावाची बुरशी फुलोऱ्यातून शिरते आणि दाण्याच्या जागी काळी-जांभळी, शिंगासारखी गाठ तयार करते. परपरागणासाठी रायचे फूल जास्त वेळ उघडे राहते, म्हणून तिलाच हा रोग सर्वाधिक जडतो. मध्ययुगीन युरोपात अशा गाठी धान्याबरोबर दळल्या जात; त्यांतली द्रव्ये रक्तवाहिन्या आकुंचित करतात, हातपाय जळजळतात, काळे पडतात आणि गळून जातात. त्याला ‘सेंट अँथनीची आग’ म्हणत. याच बुरशीतून 1935 मध्ये एर्गोमेट्रिन हे औषधी द्रव्य वेगळे केले गेले, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याच्या कुळातली औषधे भारतातल्या प्रसूतिगृहांत आजही वापरतात. स्वित्झर्लंडमधील सॅन्डोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांनी 1938 मध्ये याच द्रव्यांवर काम करताना एलएसडी बनवले. त्याचा भ्रम निर्माण करणारा परिणाम त्यांच्या ध्यानात आला तो 1943 मध्ये. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला अरगट हे नाव नवे नाही, कारण बाजरीवर त्याच वंशातली दुसरी बुरशी पडते. कणसातून आधी मधासारखा चिकटा गळतो, नंतर काळ्या गाठी दिसतात. बाजरीतली द्रव्ये वेगळी असल्याने हातपाय झडण्याऐवजी मळमळ, उलट्या आणि चक्कर हा त्रास होतो. बियाणे 20 टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ, बुडवून तरंगणाऱ्या गाठी काढून टाकण्याची आणि खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवण्याची शिफारस आपल्या कृषी विभागाकडून होते. युरोपातल्या आधुनिक गिरण्यांत काळ्या गाठी रंग ओळखणाऱ्या यंत्रांनी वेगळ्या होतात, त्यामुळे बाजारातल्या पिठाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

भारतात राय व्यापारी प्रमाणावर पिकत नसली तरी तिचा अंश आपल्या पोटात गेलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. गव्हाच्या पैदासकारांनी रायच्या एका गुणसूत्राची आखूड बाजू गव्हात आणली, कारण तिच्यावर तांबेरा रोगाला तोंड देणारी जनुके होती. पंजाब-हरियाणात एके काळी प्रचंड क्षेत्रावर पेरल्या गेलेल्या ‘पीबीडब्ल्यू 343’ या वाणात हा तुकडा होता. खोडावरच्या तांबेऱ्याचा या तुकड्यावरच्या जनुकाला न जुमानणारा प्रकार, ‘यूजी 99’, युगांडात सापडला तेव्हा जगभरचे गहू-शास्त्रज्ञ हादरले ते याच कारणाने. बेकरीवाल्यांच्या दृष्टीने या तुकड्याचा एक दुर्गुण आहे: रायची प्रथिने सोबत आल्याने अशा काही वाणांचे पीठ मळताना चिकट होते. गहू आणि राय यांचा पूर्ण संकर म्हणजे ट्रिटिकेल. त्याची पहिली नोंद 1870 च्या दशकात स्कॉटलंडमधली आहे, आणि आज ते मुख्यतः चाऱ्यासाठी घेतात.

आरोग्याविषयी दोन गोष्टी नेमकेपणाने सांगतो. सीलिॲक रोग असलेल्या माणसाने राय अजिबात खाऊ नये. ‘ग्लुटेन कमी असते’ हे वाक्य त्यांच्या उपयोगाचे नाही. मधुमेहींना मात्र पूर्ण धान्याचा रायचा पाव मैद्याच्या पावापेक्षा सोयीचा पडू शकतो: तंतू भरपूर असतात, पोट बराच वेळ भरलेले राहते, आणि तो खाल्ल्यावर शरीराला इन्सुलिन कमी लागते असे फिनलंडमधल्या संशोधनात दिसले आहे. अर्थात हे खऱ्या रायच्या पावाबद्दल आहे. आपल्या बाजारातले अनेक ‘राय’ किंवा ‘मल्टिग्रेन’ पाव कॅरामलने रंगवलेल्या मैद्याचे असतात. भारतीय नियमांनुसार घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा पाकीट उलटून यादी वाचावी. पहिले नाव मैद्याचे आणि राय पाचव्या-सहाव्या जागी असेल, तर तो पाव मैद्याचाच समजून त्या भावाने घ्यावा किंवा ठेवून द्यावा.